हिरड्यातलं टॅनिन मोजायचं कसं: जांबोटीच्या दोन पोत्यांवरून

जांबोटीकडच्या एका वाडीत माझे मामा राहतात. थंडी सरत आली की त्यांच्या मालकीच्या रानात झाडांखाली हिरडा पडतो. मामी तो वेचते, अंगणात वाळवते आणि पोती भरून माल खानापूरवरून बेळगावला जातो. दोन वर्षांपूर्वी एका खरेदीदारानं दोन पोती परत पाठवली. सोबतच्या कागदावर एवढंच होतं: टॅनिन १९ टक्के, माल नापास. टॅनिन म्हणजे हिरड्याला तुरट करणारं द्रव्य. मामांनी त्याच पोत्यातला हिरडा दुसरीकडेही तपासायला दिला होता. तिथून आलेला आकडा होता ३१.

दोन्ही कागद माझ्यापुढं ठेवून मामा म्हणाले, "एकच पोतं फोडून दोघास्नी दिलोय मी. मग हे एकोणीस कुठलं आणि एकतीस कुठलं, सांग बघू तूच."

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका चूर्णाच्या कारखान्यात चौदा वर्षं तपासणीच्या खोलीत काम केलं. आता खानापुरात घरीच एका खोलीत मेज, तराजू आणि जुना कलरीमीटर, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणारं यंत्र, मांडून बसले आहे. त्या दिवशी मी दोन्हीकडं फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: हिरडा कुटला कसा? एकांनी अख्खं फळ अठळीसकट दळलं होतं. दुसऱ्यांनी अठळी काढून नुसती साल घेतली होती. घरातले शंभर ग्रॅम वाळके हिरडे मी फोडले, तर अठळ्याच ३८ ग्रॅम भरल्या. हिरड्याचं टॅनिन जवळजवळ सगळं सालीत असतं, अठळीत नावापुरतं. सालीत ३१ टक्के असेल, तर अठळीसकट दळल्यावर ते १९च्या आसपास येणारच. दोन्ही आकडे खरे होते. फक्त काय मोजलं, ते कुणीच लिहिलं नव्हतं, आणि त्यापायी मामांच्या दोन पोत्यांचं भाडं दोन्ही बाजूंनी अंगावर पडलं.

म्हणून ही रीत मी सविस्तर लिहिते आहे. काय कुटलं, कशात अर्क काढला, कशाशी ताडून पाहिला आणि मालातलं पाणी हिशोबातून काढलं की नाही, हे चार कळल्याशिवाय टॅनिनचा टक्का वाचताच येत नाही. कॉलेजात बी. फार्म. करणारी मुलं, लहान कारखान्यात तपासणी करणारे, रानातला माल विकणारे गट, कुणालाही हे जमेल. हिरडा उदाहरणाला घेतला आहे कारण आपल्या खानापूर तालुक्यात तो घरचा आहे. बेहडा, आवळा, डाळिंबाची साल, बाभळीची साल यांनाही हीच रीत चालते.

आधी जीभ, मग लोखंड

हिरड्याचा तुकडा चघळला की जीभ आवळून येते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. कातडं कमावताना हेच घडतं. तिथं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरतं. टॅनिन प्रथिनाला चिकटतं ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढची सगळी मोजणी तिच्यावर उभी आहे.

दुसरी ओळख लोखंडाची. माझी आज्जी हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकून सुताला काळा रंग द्यायची. हिराकस म्हणजे लोहाचं मीठ. प्रयोगशाळेत आपण त्याच्या जागी ५ टक्के फेरिक क्लोराइडचं पाणी घेतो. चिमूटभर पूड पाण्यात उकळून गाळा, थंड झाल्यावर दोन थेंब घाला. निळाकाळा रंग आला तर हिरडा-बेहड्याच्या जातीचं टॅनिन, म्हणजे आम्लानं किंवा बुरशीनं तुटून गॅलिक ॲसिड देणारं. हिरवट काळा आला तर खैर किंवा अशोकाच्या सालीसारखं, सांधलेल्या साखळीचं टॅनिन. ही नुसती दिशा आहे, मोजमाप नव्हे. पण पुढं कुठली रीत घ्यायची ते इथंच ठरतं.

तिसरी चाचणी जिलेटिनची. १ टक्का जिलेटिन १० टक्के मिठाच्या पाण्यात विरघळवून घ्या आणि त्याचे थेंब अर्कात सोडा. पांढरट साका बसला तर टॅनिन आहे. फेरिक क्लोराइडनं रंग आला पण जिलेटिननं साका नाही, तर मालात साधी फिनॉलं, म्हणजे टॅनिनच्याच कुळातली लहान द्रव्यं असतील, टॅनिन नसेल.

लोखंडाच्या या ओढीमुळं दोन पथ्यं पाळावी लागतात. हिरडा लोखंडी खलबत्त्यात कुटू नका. पितळी किंवा दगडी खल घ्या, नाहीतर स्टीलच्या भांड्याचा मिक्सर. आणि विहिरीचं पाणी वापरू नका. आपल्याकडं जांभ्या दगडाच्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं. घरी काम सुरू केलं त्या पहिल्या आठवड्यात डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून मी गाळलेलं विहिरीचं पाणी घेतलं, आणि पिवळसर यायला हवा होता तो अर्क शाईसारखा करडा झाला. सबंध दिवसाचं काम फेकून द्यावं लागलं. नळ्या, फ्लास्क, पिपेट सगळं शेवटी डिस्टिल्ड वॉटरनंच विसळा.

नमुना घेताना

पोत्याच्या वरच्या थरात मोठे, चांगले हिरडे असतात, कारण भरणारा माणूस शेवटी चांगला माल वर घालतो. ही लबाडी नसते, हाताची सवय असते. त्यामुळं पोतं गोणपाटावर ओतून, ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, दोन बाजूला सारायचे, पुन्हा चार भाग करायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत करते. बालहिरडा म्हणजे अठळी धरायच्या आधी गळलेलं कोवळं, काळं फळ. तो यात मिसळला असेल तर निवडून वेगळा ठेवा आणि वेगळाच मोजा. कोवळ्या आणि पिकल्या फळाचं टॅनिन सारखं नसतं. दोन्ही एकत्र दळून येणारा आकडा कुठल्याच मालाचा नसतो.

नाव पक्कं करून घ्या. आपल्याकडं माल मराठी नावानं येतो आणि पावती कानडीत होते. हिरड्याला कानडीत अळलेकाई म्हणतात, बेहड्याला तारेकाई, आवळ्याला नेल्लिकाई. बेहड्याची आणि हिरड्याची वाळकी साल तुकडे केल्यावर नवख्याला एकसारखीच दिसते. अख्खं फळ असेल तर ओळख सोपी: हिरड्याला लांबीभर पाच ठळक कंगोरे असतात, बेहडा गोलसर आणि बारीक लव असलेला.

अठळी काढा, साल आणि अठळी दोन्हींचं वजन वहीत लिहा. साल दळा आणि ६० नंबरच्या चाळणीतून सगळी चाळा. चाळणीवर उरलेला भरडा फेकायचा नाही, पुन्हा दळून आत घ्यायचा. मऊ भाग आधी खाली पडतो, कठीण वर राहतो, त्यामुळं भरडा टाकला तर नमुना बदलतो.

पाणी किती

कंकुंबी-जांबोटी पट्ट्यातला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं ठेवलेली पूड श्रावणात हवेतलं पाणी ओढते आणि तोच माल उन्हाळ्यापेक्षा कमी टॅनिनचा दिसतो. म्हणून प्रत्येक वेळी ओलावा मोजायचा. तीनेक ग्रॅम पूड वजन केलेल्या बशीत पसरून १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा, नंतर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून तोला. पुन्हा तासभर ठेवा, पुन्हा तोला. लागोपाठची दोन वजनं जुळली की झालं. गेलेलं वजन म्हणजे ओलावा. टॅनिनसाठी मात्र ही भाजलेली पूड वापरायची नाही. ती मूळ बाटलीतूनच घ्यायची.

अर्क

पाण्यात उकळून काढलेला अर्क आपल्या काढ्याच्या जवळचा असतो, पण टॅनिन पूर्ण निघत नाही आणि उकळताना थोडं तुटतंही. मोजणीसाठी ७० टक्के ॲसिटोन घ्या: ७० मिली ॲसिटोन, ३० मिली पाणी. ॲसिटोन भडका घेतं. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम कधीच करत नाही; खोलीची खिडकी उघडी आणि जवळपास काहीही पेटतं नको.

०.२ ग्रॅम पूड तोला. तुमचा तराजू मिलिग्रॅमच्या खालचं दाखवत नसेल तर १ ग्रॅम घ्या आणि पुढची सगळी मापं पाचपट करा, ०.२ ग्रॅम तोलताना एका मिलिग्रॅमची चूक म्हणजे अर्धा टक्का फरक. पुडीत २० मिली ॲसिटोन-पाणी घालून अल्ट्रासोनिक बाथमध्ये २० मिनिटं ठेवा. बाथ नसेल तर बूच लावून दोन तास हलवत राहा. गाळा, गाळणीवरच्या चोथ्याला पुन्हा २० मिली द्या, पुन्हा गाळा. दोन्ही वेळचा गाळलेला अर्क ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घालून खुणेपर्यंत भरा. आता एका मिलीत ४ मिलिग्रॅम पुडीचा अर्क आहे. याला मूळ अर्क म्हणू. त्यातला ५ मिली घेऊन पाण्यानं ५० मिली करा, म्हणजे एका मिलीत ०.४ मिलिग्रॅम. हा पातळ अर्क. दोन्ही त्याच दिवशी वापरायचे. रात्रभर ठेवलेल्या अर्काचा आकडा मी कुणाला देत नाही.

निळा रंग

१९१२मध्ये फोलिन आणि डेनिस यांनी आणि १९२७मध्ये फोलिन आणि सिओकॅल्टू यांनी जे पिवळं द्रावण काढलं, त्यावरच आजही बहुतेक प्रयोगशाळा चालतात. त्यात टंगस्टन आणि मॉलिब्डेनम असतात. फिनॉल भेटलं की ते निळे होतात, आणि निळेपणा जितका गडद तितकं फिनॉल जास्त. १९६५मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी मांडलेली मापं मी एक दशांश करून वापरते, कारण १० मिलीच्या नळीत माझा हात स्थिर चालतो.

बाटली उघडताना रंग बघा. फोलिनचं द्रावण पिवळंच हवं. हिरवट झाक आली असेल तर ते आधीच कशाशी तरी भिडलेलं आहे, टाकून द्या.

आधी प्रमाणाच्या नळ्या, म्हणजे ज्यांच्याशी अर्क ताडून पाहायचा त्या. १० मिलिग्रॅम टॅनिक ॲसिड पाण्यात विरघळवून १०० मिली करा. यातलं ०.१, ०.२, ०.३, ०.४ आणि ०.५ मिली पाच नळ्यांत घाला. म्हणजे १०, २०, ३०, ४० आणि ५० मायक्रोग्रॅम झालं. सहाव्या नळीत टॅनिक ॲसिड घालायचं नाही. ती कोरी नळी. सातव्या, आठव्या, नवव्या नळीत पातळ अर्काचे प्रत्येकी ०.२ मिली. प्रत्येक नळी पाण्यानं ८ मिलीपर्यंत आणा. मग ०.५ मिली फोलिन घालून हलवा. तीन ते पाच मिनिटांनी २० टक्के सोडियम कार्बोनेटचं १.५ मिली घाला आणि लगेच पुन्हा हलवा.

हा क्रम उलटा करू नका. फोलिन अल्कलीत फार वेळ टिकत नाही. ते आधी फिनॉलशी मिसळलेलं असावं आणि कार्बोनेट नंतर पडावं. कार्बोनेट घातल्यावर नळी तशीच उभी ठेवली तर तळाला एक रंग आणि वर दुसरा येतो आणि मशीन काहीतरी मधलंच दाखवतं. मी बूच लावून प्रत्येक नळी तीनदा उलटीसुलटी करते.

पुस्तकात दोन तास ठेवा म्हणून असतं, २० अंशांना. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी खोली त्याहून थंड असते आणि रंग रेंगाळतो. म्हणून मी ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवते. तेवढ्यानं काम होतं. प्रमाणाच्या नळ्या आणि अर्काच्या नळ्या एकाच वेळी, एकाच पाण्यात ठेवायच्या. काल काढलेली प्रमाणाची रेघ आज वापरायची नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ७६५ नॅनोमीटरवर वाचा. माझ्या जुन्या कलरीमीटरला एवढ्या पुढची रंगीत काच (फिल्टर) नाही, मी ६८०ची लावते. हा निळा रंग रुंद पट्ट्यात शोषला जातो, त्यामुळं प्रमाण आणि नमुना दोन्ही त्याच काचेवर वाचले तर हिशोब जुळतो. फक्त वहीत काचेचा नंबर लिहा. कोऱ्या नळीवर शून्य लावून प्रत्येक नळी वाचा, आलेखकागदावर टिंबं टाका. टिंबं सरळ रेघेत आणि रेघ शून्याजवळून जाणारी हवी. नमुन्याचं वाचन शेवटच्या टिंबाच्या वर गेलं तर रेघ पुढं ओढायची नाही, अर्क आणखी पातळ करायचा.

वजाबाकी

इथंच बहुतेक जण थांबतात आणि आलेल्या आकड्याला टॅनिन म्हणून मोकळे होतात. फोलिनला टॅनिन आणि साधं गॅलिक ॲसिड यांत फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही फिनॉलच. आवळ्यातलं व्हिटॅमिन सीसुद्धा त्याला निळं करतं. म्हणजे आत्तापर्यंत आपण एकूण फिनॉल मोजलं, टॅनिन नाही.

टॅनिन वेगळं करायला तोंड आवळणारी तीच चिकट ओढ वापरायची. पूर्वी चामड्याच्या कारखान्यात यासाठी कातड्याची पूड वापरत. आता पीव्हीपीपी नावाची पांढरी पूड मिळते. ती पाण्यात विरघळत नाही, टॅनिनला मात्र धरून ठेवते. जिलेटिन इथं चालत नाही. त्याचा विरघळलेला भाग अर्कात राहतो आणि प्रथिनंही फोलिनला निळं करतात.

१०० मिलिग्रॅम पीव्हीपीपी लहान नळीत घ्या, १ मिली पाणी आणि १ मिली मूळ अर्क घाला. पातळ नाही, मूळ. हलवून फ्रिजमध्ये १५ मिनिटं ठेवा, पुन्हा हलवा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवा. सेंट्रिफ्यूज नसेल तर दाट गाळणकागदातून गाळा. १०० मिलिग्रॅम पीव्हीपीपी साधारण २ मिलिग्रॅम फिनॉल पेलते. आपल्या १ मिली अर्कात हिरड्याचं १.३ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळं ती पुरते. वरचं नितळ पाणी घेऊन पुन्हा तीच निळी चाचणी करा. आता जो रंग येईल तो टॅनिन नसलेल्या फिनॉलांचा. एकूणातून तो वजा केला की उरतं ते टॅनिन.

मामांच्या मालानं मला या वजाबाकीची किंमत दाखवली. नापास ठरलेल्या त्या दोन पोत्यांतलं एक विकलं गेलं नाही आणि पावसाळाभर माडीवर भिंतीला टेकून राहिलं. भिंत झिरपत होती. दसऱ्याला उघडलं तेव्हा तळच्या हिरड्यांवर काळपट बुरशी होती. मी वरचा आणि तळचा माल वेगळा दळून मोजला. एकूण फिनॉल दोन्हींत जवळजवळ सारखंच आलं. पण पीव्हीपीपीनंतर तळच्या मालाचं टॅनिन चांगलंच खाली आलेलं दिसलं. काही बुरशी टॅनेज नावाचं एन्झाइम सोडतात आणि ते हिरड्याचं टॅनिन तोडून गॅलिक ॲसिड मोकळं करतं. फोलिनला ते गॅलिक ॲसिडही फिनॉलच वाटतं, म्हणून एकूण आकडा हलत नाही. नुसतं फोलिन लावलं असतं तर मी तो बुरशीचा माल चांगला म्हणून पास केला असता, आणि तो कुणाच्या तरी चूर्णात गेला असता.

हिशोब

समजा, पातळ अर्काच्या ०.२ मिलीचं वाचन आलेखावर २६ मायक्रोग्रॅमला लागलं. ०.२ मिलीत पूड होती ८० मायक्रोग्रॅम. २६ भागिले ८०, म्हणजे एकूण फिनॉल ३२.५ टक्के. पीव्हीपीपीच्या नळीत अर्क निम्मा पातळ झाला होता, म्हणजे एका मिलीत २ मिलिग्रॅम पूड. त्यातलं ०.१ मिली घेतलं, पूड २०० मायक्रोग्रॅम. वाचन लागलं ९ मायक्रोग्रॅमला. ९ भागिले २००, म्हणजे ४.५ टक्के. वजा केल्यावर टॅनिन २८ टक्के. ओलावा ९ टक्के निघाला असेल तर २८ भागिले ०.९१, म्हणजे कोरड्या मालावर ३०.८ टक्के.

हा आकडा लिहिताना 'टॅनिक ॲसिडच्या मापानं' हे शब्द सोबत हवेतच. प्रमाण म्हणून कुणी गॅलिक ॲसिड घेतं, त्याच अर्काचा आकडा मग वेगळा येतो, कारण दोघांचा वजनागणिक निळेपणा एक नाही. तीन वेगळ्या तोलण्या करा. तिन्ही जवळपास आल्या नाहीत तर सरासरी काढू नका, पुन्हा करा. सरासरीत चूक दडून बसते.

कलरीमीटर नसेल तर

पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन जुनं आहे, पण ब्युरेट एवढंच मुख्य साधन लागतं. २ ग्रॅम पूड ४०० मिली पाण्यात अर्धा तास उकळा, थंड करून गाळा, ५०० मिली करा. त्यातलं १० मिली मोठ्या पांढऱ्या भांड्यात घ्या, इंडिगो कार्माइनच्या आम्लयुक्त द्रावणाचं २५ मिली आणि पाणी ७५० मिली घाला. ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल परमँगनेट थेंबथेंब सोडत हलवत राहा. निळा रंग हिरवट होत होत एकदम सोनेरी पिवळा होतो, तिथं थांबा. अर्क न घालता हेच पुन्हा करा आणि ते वाचन वजा करा. उरलेल्या प्रत्येक मिलीमागं ०.००४१५७ ग्रॅम टॅनिन.

माझं मत असं की ही रीत घरच्या घरी दोन पोती एकमेकांशी ताडून बघायला चांगली, खरेदीदाराशी भांडायला नाही. परमँगनेट टॅनिनशिवाय इतर गोष्टींनाही जाळतं, त्यामुळं आकडा फुगतो. आणि हिरवट ते सोनेरी हा शेवट माझ्या आणि तुमच्या डोळ्याला एकाच थेंबावर दिसेल असं नाही.

बाकीचे घटक

खैर, अशोक यांसारख्या हिरवट काळा रंग देणाऱ्यांसाठी व्हॅनिलिन-हायड्रोक्लोरिक ॲसिडची रीत, कॅटेचिनशी ताडून, ५०० नॅनोमीटरवर. फ्लॅव्होनॉइड मोजायला ॲल्युमिनियम क्लोराइडचा पिवळा रंग, क्वेरसेटिनशी ताडून, ४१५वर. शिकेकाई-रिठ्यातल्या सॅपोनिनचा अंदाज फेसावरून येतो. कुंपणाला लावतो त्या अडुळशातलं व्हॅसिसिन मात्र अल्कलॉइड आहे, त्याला आम्ल-अल्कलीची वेगळी वाट लागते. हिरड्यातलं चेब्युलॅजिक, चेब्युलिनिक आणि गॅलिक ॲसिड एकेक करून मोजायचं तर एचपीएलसी, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्रच हवं. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतच जावं लागतं.

घरच्या तराजूवर जमणारी एक मोजणी मात्र कुणी सोडू नये, ती म्हणजे पाण्यात आणि अल्कोहोलात विरघळणारा भाग. ५ ग्रॅम पूड १०० मिलीत २४ तास ठेवायची, पहिले सहा तास अधूनमधून हलवायची. गाळून २५ मिली वजन केलेल्या बशीत आटवायचं, १०५ अंशांवर वाळवून तोलायचं, चारानं गुणायचं आणि आलेलं वजन ५ ग्रॅमच्या किती टक्के ते काढायचं. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांची मानकं सांगणाऱ्या ग्रंथात, हिरड्याला पाण्यातला भाग किमान ६० टक्के आणि अल्कोहोलातला किमान ४० टक्के सांगितला आहे. माल जुना, धुतलेला किंवा भेसळीचा असेल तर तो इथंच उघडा पडतो, फोलिनची बाटली उघडायच्याही आधी.

कागदावर काय लिहायचं

मामांच्या मालासोबत आता मी जो कागद देते त्यावर असं असतं: हिरडा, पिकलेलं फळ, अठळी काढलेली साल, सालीचं आणि अठळीचं वजन; वेचल्याचा महिना; ओलावा; अर्क ७० टक्के ॲसिटोनमध्ये; रीत फोलिन-सिओकॅल्टू, पीव्हीपीपी वजा करून; प्रमाण टॅनिक ॲसिड; काच ६८०; तीन तोलण्यांचे तीन आकडे, कोरड्या मालावर. मराठीत एक प्रत, कानडीत एक, कारण पोती उतरवून घेणारा माणूस बहुतेक वेळा कानडीच वाचतो. पहिल्या खेपेला खरेदीदाराच्या माणसानं फोन करून विचारलं, "एवढं सगळं कशाला ओ बाई, टक्का सांगा की." मी म्हटलं, तुम्ही अठळीसकट दळता की सालच घेता, ते आधी सांगा, मग त्याच रीतीनं मोजून टक्का सांगते. थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, विचारून कळवतो. संध्याकाळी त्यानं कळवलं: अठळीसकट.

मी त्याच मालाचा अठळीसकट दळलेला नमुना मोजून दुसरा आकडा पाठवला. यंदा पोती परत आली नाहीत. प्रत्येक खेपेतली शंभर ग्रॅम पूड घट्ट झाकणाच्या तपकिरी बाटलीत, तारीख लिहून, मी कपाटात ठेवते. मामांच्या त्या पहिल्या पोत्याची बाटलीही तिथंच आहे. कुणी विचारलं तर पुन्हा मोजता येईल.